न पुसलेला कठडा

आत्या पडली ती पडदा लावताना. वय वर्षं पंच्याहत्तर, स्टुलावर चढलेली, आणि खाली उभ्या असलेल्या मला "तुला जन्मात सरळ लावता यायचा नाही, सरक बाजूला" असं नुकतंच सुनावून झालेलं. स्टूल डुगडुगलं, तिचा तोल गेला आणि ती धाडकन फरशीवर आदळली. खुब्याचं हाड मोडलं. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी पहिलं वाक्य काय, तर "पडदा फाटला का बघ गं आधी."

ही माझ्या वडिलांची मोठी बहीण. मी चार वर्षांची असताना आई गेली. वडील नोकरीपायी गावोगाव फिरणारे, म्हणून मला हिनेच वाढवलं, शिवणकाम करून. लोकांचे कोट, शाळांचे गणवेश, इस्पितळाच्या चादरी, जे येईल ते ती शिवायची. आज मी एक्केचाळीस वर्षांची आहे, एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेची तंत्रज्ञ आहे, आणि तरीही ती मला चारचौघांत चिंगे म्हणून हाक मारते.

तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखल केलं. शस्त्रक्रिया झाली, खुब्यात धातूचा गोळा बसवला आणि तिसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या अकरा नंबरच्या खाटेवर आणलं. संध्याकाळी काम संपवून मी गेले, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या गाऊनची शिवण कुठे चुकली आहे ते समजावून सांगत होती. मला हायसं वाटलं.

मग माझं लक्ष खाटेच्या कठड्याकडे गेलं.

खरं सांगते, ऊर भरून आला. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला दोन्ही बाजूंनी स्टीलच्या नळ्यांचे कठडे होते आणि त्या नळ्यांवर तो रंग होता. कोऱ्या चहासारखा तपकिरी, आणि मान जरा तिरकी केली की त्यातून जांभळी-हिरवी झाक सरकून जायची. हा रंग मी जगात कुठेही ओळखला असता.

"आत्या," मी म्हणाले, "हा कठडा मी केलाय."

"तू? वेल्डिंग कधी शिकलीस?"

"अगं कठडा नाही, त्याच्यावरचा लेप. जंतू मारणारा. मी सांगायचे नाही का तुला?"

सांगायचे मी, पण ती ऐकायची नाही. आता मात्र तिला पळून जायला जागा नव्हती, म्हणून मी सगळं सांगून घेतलं. आमच्या प्रयोगशाळेत कमरेएवढं उंच एक स्टीलचं पिंप आहे. त्यातली हवा पंपाने खेचून घ्यायची, मग आत जरासा प्राणवायू सोडायचा आणि विजेच्या जोरावर तांब्याचे आणि जस्ताचे अणू उडवायचे. ते समोरच्या वस्तूवर जाऊन बसतात, प्राणवायूशी जोडले जातात आणि त्यांचा एक पापुद्रा तयार होतो. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, एवढा पातळ. त्यावर जंतू टेकला की तांब्याचे कण त्याची भिंत फोडून आत शिरतात. दोन तासांत हजारातले नऊशे नव्व्याण्णव मरतात. या एका पापुद्र्यामागे मी सात वर्षं घालवली होती. माझं लग्न ठरता ठरता मोडलं तेही याच नादात, असं आत्याचं म्हणणं. मला विचाराल तर ते मोडलं हे बरंच झालं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग कठड्यावरून बोट फिरवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं.

"केलास, चांगलं केलंस. पण हा पुसतं कोण?"

बोट काळं झालं होतं.

मी हात लावून पाहिला. कठडा चिकट होता. घाम, मलम, सांडलेलं दूध आणि किती तरी हातांचा मळ, यांचं एक जाड पुट त्यावर चढलेलं. नखाने खरवडलं तर मेणासारखं निघत होतं. खाली माझा पापुद्रा होता तसाच होता, शाबूत. पण जंतू त्याला टेकतच नव्हते. ते आपले वर, घाणीच्या गादीवर लोळत असणार, आरामात.

मी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. तिथे निळ्या अक्षरांतली एक सुबक पाटी लावलेली होती. "इथले पृष्ठभाग स्वतःची काळजी स्वतः घेतात. निश्चिंत स्पर्श करा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सकाळी गेले. साडेसातच्या सुमारास सफाईवाली आली. पन्नाशीची, काटक, पायात रबरी बूट. तिने फरशीवरून ओला पोछा सरसर फिरवला, कचऱ्याचे डबे रिकामे केले आणि निघाली. कठड्यांना, टेबलांना, दाराच्या मुठीला तिने हातही लावला नाही.

"ताई," मी म्हणाले, "कठडे पुसायचे राहिले."

"राहिले नाहीत बाई. बंद झालेत."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे पुसायचे नाहीत. वर्ष झालं. पुसले तर उलट बोलणी खावी लागतात, साबण कशाला नासला म्हणून." तिने बादली खाली ठेवली. बोलायला कोणीतरी मिळाल्यासारखा तिचा चेहरा झाला. "आधी या मजल्यावर आम्ही सहा जणी होतो. दिवसातून तीनदा सगळं लख्ख पुसायचो. मग या तपकिरी नळ्या आल्या. त्यांच्यावर म्हणे कसलंसं जादूचं पाणी चढवलंय, जंतू आपोआप मरतात. पाच जणींना घरी बसवलं. मी एकटी उरले, तीही तीन वॉर्डांना मिळून. कोणा शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं कोण जाणे. एकदा भेटला ना, तर या बादलीतलं पाणी पाजीन त्याला."

मागून आत्या खदखदून हसली. "पाज की! ती काय, तुझ्यासमोरच उभी आहे."

जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला झालं. सफाईवाल्या ताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. माफीबिफी काही मागितली नाही, आणि का मागावी?

"तुम्ही?"

"हो. पण मी कधीच म्हटलं नव्हतं हो, पुसू नका म्हणून. उलट पुसाच असं लिहिलं होतं."

"मग नका म्हणून कोणी सांगितलं?"

त्या मला कोपऱ्यातल्या सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या. झाडू, बाटल्या, हातमोज्यांची खोकी, आणि भिंतीवर चिकटवलेलं परिपत्रक. खाटांचे कठडे, औषधांच्या गाड्या, दारांच्या मुठी यांवर स्वयंनिर्जंतुक लेप असल्याने त्यांची दैनंदिन पुसणी तत्काळ बंद करण्यात येत आहे. खाली संदर्भ म्हणून आमच्या अहवालाचा क्रमांक. तो क्रमांक मला पाठ होता. अहवाल मीच टाइप केला होता.

त्या अहवालाच्या चौथ्या पानावर एकच तक्ता आहे. आम्ही लेप दिलेल्या पट्ट्यांवर मुद्दाम तेल, साखर आणि धूळ यांचं मिश्रण फासलं होतं आणि मग जंतू सोडले होते. एकशे ऐंशी पट्ट्या. लेपाचा परिणाम जवळजवळ शून्यावर आला होता. तक्त्याखाली मी साध्या भाषेत लिहिलं होतं: दिवसातून किमान दोनदा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे, आम्ल वापरू नये, हा लेप स्वच्छतेला मदत करतो, स्वच्छतेची जागा घेत नाही. ते वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं होतं, कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

सहाव्या दिवशी आत्याला ताप भरला. जखमेभोवती लाल चट्टा आला, मग पू. तरुण डॉक्टरांनी टाके पाहिले आणि म्हणाले, "या वयात होतं असं कधी कधी." पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊन जखम उघडली, धुतली, पुन्हा शिवली. शिरेतून औषधं सुरू झाली. दोन दिवस ती ग्लानीत होती. ना टोमणा, ना तक्रार. सूप आणलं तर निमूट प्यायली. या बाईला निमूट काही पिताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी फार घाबरले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. तिच्या जखमेतला जंतू त्या कठड्यावरूनच आला, असं मी म्हणत नाही. तसं छातीठोक सांगायला लागणारा पुरावा माझ्याकडे नव्हता आणि आजही नाही. पण ज्या कठड्याला धरून ती कूस बदलत होती, नर्स ज्याला हात लावून मग मलमपट्टी करत होती, तो कठडा वर्षभर पुसलेला नव्हता, आणि तो पुसायचा नाही यासाठी माझ्या सात वर्षांच्या कामाचा दाखला दिला जात होता. एवढं मला पुरेसं होतं.

मी मेट्रनबाईंकडे गेले. उंच, करड्या केसांच्या, दोन्ही हात पाठीशी बांधून चालणाऱ्या. सगळा मजला त्यांना वचकून असायचा. मी कोण ते सांगितलं आणि वॉर्डाबाहेरच्या लांब कठड्यावर पाच दिवस एक तपासणी करू द्या म्हणाले.

"परवानगी मागितलीत तर मला वर विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. "वरचे नाही म्हणतील. तेव्हा तुम्ही मागितलेली नाही. मात्र निकाल आधी मला दाखवायचा."

काम साधंच होतं. लिफ्टपासून वॉर्डापर्यंत भिंतीला धरून तीसेक फूट लांबीचा कठडा होता, त्याच्यावरही आमचा लेप. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याला धरायचा. मधोमध मी पांढरी चिकटपट्टी लावली. डावी बाजू सफाईवाल्या ताई सकाळ-संध्याकाळ साबणाच्या पाण्याने पुसणार, उजवीला फडकं लावायचं नाही. शिवाय मागच्या जुन्या जिन्याला साध्या स्टीलचा कठडा होता, लेप नसलेला. तोही पुसायचा. ताईंनी हे काम ज्या निगुतीने केलं, तसं आमच्याकडचे विद्यार्थी करतील तर मी पेढे वाटीन. घड्याळ पाहून यायच्या, फडकं उकळून आणायच्या, आणि वर मलाच विचारायच्या, "तुमचा हात धुतलाय ना?"

रोज सकाळी मी कापसाच्या बोळ्याने तिन्ही ठिकाणचे नमुने घ्यायचे आणि आमच्या संस्थेतल्या जंतूवाल्याकडे पोचवायचे. जंतूवाला म्हणजे शेजारच्या विभागातला माझा जुना सहकारी, सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. तो ते नमुने काचेच्या बशीत, खळीसारख्या खाद्यावर सोडायचा. जंतू जिवंत असेल तर एका दिवसात तिथे एक टिंब उगवतं. टिंबं मोजायची.

पाचव्या दिवशी त्याने तीन बशा माझ्यासमोर ओळीने मांडल्या. लेप दिलेल्या आणि पुसलेल्या कठड्याच्या बशीत तीन टिंबं. साध्या, पुसलेल्या कठड्याच्या बशीत चाळीस. लेप दिलेल्या आणि न पुसलेल्या कठड्याच्या बशीत मोजायची सोयच नव्हती. पिवळट साय धरल्यासारखी सगळी बशी भरून गेली होती.

"तुझा लेप झकास आहे," जंतूवाला म्हणाला. "फक्त यांनी त्याचं पार वाटोळं केलंय."

बशांचे फोटो घेऊन मी आमच्या सरांकडे गेले. सर म्हणजे विभागप्रमुख. मला निर्वात पंप कसा उघडायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलेलं. अहवालावर त्यांची सही होती आणि कठडे बनवणाऱ्या कंपनीशी बोलणी त्यांनीच केली होती. मला वाटत होतं की हे पाहून ते ताडकन उठतील, फोन उचलतील, कोणाला तरी फैलावर घेतील.

त्यांनी फोटो पाहिले, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"चौथं पान इस्पितळाला गेलंच नाही का सर?"

"कंपनीला एका ओळीचा निष्कर्ष हवा होता."

"पण पान गेलं कुठे?"

"हे बघ, अटी घातल्या की कोणी घेत नाही. एकदा वापर रुळला, की हळूहळू सूचना देता येतात. अशीच चालते ही गोष्ट."

"म्हणजे तुम्ही काढलंत."

"आम्ही संक्षिप्त आवृत्ती दिली."

"वर्ष झालं सर. पाच जणींची कामं गेली. वॉर्डात लोक पडलेत, त्यांच्या जखमा उघड्या आहेत."

"तू सध्या भावनिक झाली आहेस," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "स्वाभाविक आहे. घरचं माणूस आजारी आहे. चार दिवस रजा घे."

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. "भावनिक झालेच आहे मी. पण या बशीत उगवलंय ते माझ्या भावनेमुळे नाही. आणि अहवालाखाली सही आहे ती तुमची आहे." दार आपटून बाहेर पडले. अकरा वर्षांत सरांच्या खोलीचं दार मी पहिल्यांदा आपटलं.

मेट्रनबाईंना फोटो दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले. मग फोन उचलून इस्पितळाच्या व्यवस्थापकांची वेळ मागितली, आणि अहवालवाले सर व कंपनीचा माणूस समोर असल्याशिवाय बोलणार नाही असंही बजावलं.

व्यवस्थापकांचं दालन सहाव्या मजल्यावर होतं. टेबल एवढं मोठं की त्यावर दोन रुग्ण झोपवता आले असते. सर आणि कंपनीचा माणूस आधीच आले होते. आम्ही बसत होतो तेवढ्यात एक बाई आली, टेबलाची काच फवारा मारून चकचकीत पुसून गेली.

"हे रोज पुसतात?" मी विचारलं.

"अर्थात," व्यवस्थापक म्हणाले. "दोनदा."

मेट्रनबाईंनी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. कंपनीचा टायवाला माणूस चुळबुळ करायला लागला होता.

मी चौथं पान टेबलावर ठेवलं, शेजारी तिन्ही बशा ठेवल्या, झाकणं चिकटपट्टीने बंद केलेल्या. व्यवस्थापकांनी खुर्ची मागे सरकवली.

"हे... सुरक्षित आहे ना?"

"बंद आहे. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर उघडं आहे."

टायवाला म्हणाला, "पण बाई, यातून तर आमचा लेप उत्तम असल्याचंच सिद्ध होतं. पुसलेल्या बशीत फक्त तीन!"

"उत्तम आहेच! म्हणून तर तळपायाची आग मस्तकाला जातेय. चांगली गोष्ट होती, तिची तुम्ही फसवणूक करून टाकलीत. नुसतं साधं स्टील रोज पुसलं असतं तरी याच्यापेक्षा बरं राहिलं असतं. हे बघा, चाळीस. आणि हे बघा."

"तुमच्या नातेवाईक बाईंना संसर्ग कठड्यावरूनच झाला, हे तुम्ही सिद्ध करू शकता?" व्यवस्थापकांनी विचारलं. आवाजात वकिली धार होती.

"नाही. आणि मी तसं म्हणतही नाही."

"मग प्रश्न कुठे आहे?"

"प्रश्न इथे आहे," असं म्हणत मेट्रनबाईंनी काखेतली वही उघडली. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांची ती नोंदवही होती. पुसणं बंद होण्याआधी त्यांच्या मजल्यावर महिन्याला दोन, कधी तीन. नंतर सहा, सात, एका महिन्यात नऊ. "यामागे दहा कारणं असतील. मी डॉक्टर नाही. पण तीन पत्रं मी या दालनात पाठवली, पुसणं पुन्हा सुरू करा म्हणून. एकाचंही उत्तर आलं नाही. त्या पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत."

व्यवस्थापक सरांकडे वळले. "हे चौथं पान आम्हाला का मिळालं नाही?"

सर खाली बघत म्हणाले, "ती प्राथमिक निरीक्षणं होती."

"एकशे ऐंशी पट्ट्या, सर," मी म्हणाले. "दोन वर्षं. तुम्ही स्वतः तपासून सही केलीत." मला वाईट याचं वाटत होतं, की या माणसाला मी इतकी वर्षं मानत आले, आणि आता तो माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"मला विचाराल तर," टायवाला सावरून घ्यायला लागला, "याला अपयश म्हणण्यापेक्षा संवादातली त्रुटी..."

"संवादातली त्रुटी!" मेट्रनबाई उठून उभ्या राहिल्या. तेवढे दोनच शब्द बोलून त्यांनी वही मिटली, आणि आठवडाभरात परिपत्रक मागे घेतलं नाही तर ही वही आणि हे पान घेऊन आपण आरोग्य खात्यात जाणार आहोत, असं नेहमीच्या थंड आवाजात सांगितलं. मग मला म्हणाल्या, "चला." आम्ही जिन्यानेच खाली आलो. चौथ्या मजल्यावर त्या थांबल्या आणि भिंतीला टेकल्या.

परिपत्रक सहाव्या दिवशी मागे घेतलं गेलं. कारण म्हणून लिहिलं होतं, "प्रशासकीय सोयीसाठी." दारावरची निळी पाटी मात्र आणखी तीन आठवडे तशीच होती, शेवटी ती मेट्रनबाईंनी स्क्रू-ड्रायव्हर मागवून स्वतः उतरवली. घरी बसवलेल्या पाच जणींना बोलावणं गेलं. तिघी आल्या. एक तोवर मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली होती. एकीने सांगितलं की ज्यांनी मला एका कागदावर हाकललं त्यांच्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही. ताईंनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात तिच्याबद्दलचा अभिमान होता.

आत्याला सव्वा महिन्याने घरी आणलं. ताप गेला, जखम भरली, पण एक पाय जरा आखूड पडला. ती आता वॉकर घेऊन चालते आणि वॉकर बनवणाऱ्याला अक्कल नव्हती असं तिचं मत आहे. तिच्यापुढे मी एकदा रडले. म्हणाले, माझ्याच हातचं होतं गं ते. ती म्हणाली, "कात्री मीही चालवते. उद्या कोणी तिने दुसऱ्याचा खिसा कापला, तर मी कात्री टाकून देऊ का? खिसा कापणाऱ्याची मानगूट धर. रडतेस काय."

मानगूट धरायला मी गेले, पण ती हाताला लागत नाही. सरांना काहीही झालं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांचं याच लेपावर मोठं व्याख्यान झालं. माझी मात्र पिंपाजवळून उचलबांगडी झाली. आता मी पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजपट्टी आणि वजनकाटा शिकवते. ज्या पंपाचा आवाज ऐकून मी त्याला काय दुखतंय ते सांगायचे, तो आता दुसऱ्या कोणाच्या हाती आहे.

कंपनीने तोच लेप आणखी नऊ इस्पितळांना दिला होता. त्या नऊही ठिकाणी मी चौथं पान पाठवलं, माझ्या सहीने, पोच मागवून. चार ठिकाणांहून उत्तर आलं की आम्ही पुसणं पुन्हा सुरू केलं आहे. पाच ठिकाणांहून काहीच आलं नाही. मला संस्थेकडून नोटीस आली, गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल. चौकशी समिती बसली. तिघे जण, मध्ये पाण्याचा तांब्या. त्यांनी दीड तास मला अहवालाचं नाव, तारीख, पाकिटाचा रंगसुद्धा विचारला. त्या अहवालात लिहिलंय ते खरं की खोटं, हे एकानेही विचारलं नाही.

शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"चौथं पान पहिल्या पानावर छापा. आणि त्या पाच इस्पितळांना संस्थेच्या नावाने पत्र पाठवा."

त्यांनी लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी मला कळवलं की माझी सूचना विचाराधीन आहे. नोटिशीवरही निर्णय नाही, सूचनेवरही नाही. याला आता सात महिने झाले.

दर सोमवारी सकाळी दहा वाजता मी तळमजल्यावरच्या कार्यालयाच्या खिडकीशी जाते. तिथला कारकून मला लांबूनच ओळखतो आणि मी तोंड उघडायच्या आत मान हलवतो. तरी मी विचारतेच. त्या पाच इस्पितळांना पत्र गेलं का, आणि नसेल तर का नाही, हे मोठ्याने विचारते, मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. गेल्या सोमवारी रांगेतल्या एका माणसाने विचारलं, "कसलं पत्र हो बाई?"

मी त्याला सगळं सांगितलं.